तुमचा रिलीव्हर कोण?

(या सदरात वाचकांच्या कामाच्या ठिकाणच्या प्रश्नांना मी उत्तरं देतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात ३१ वर्षं होतो, त्यातली शेवटची १२ प्लँटप्रमुख म्हणून. मानसतज्ज्ञ नाही. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.)

काका, मी ऐरोलीतल्या एका आयटी पार्कमध्ये बॅक ऑफिसची प्रमुख आहे. ३८ माणसं, दोन पाळ्या, ९ वर्षं झाली. घर चरईत. पहिली पाच-सहा वर्षं काम अंगात भिनलं होतं. आता ठाण्याहून सुटणाऱ्या रिकाम्या पनवेल गाडीत खिडकी मिळाली तरी बरं वाटत नाही. मे महिन्यात आठ दिवस मुरूडला गेलो. पाचव्या दिवशी जरा सैल झाले, सातव्या दिवशी परतीच्या विचारानं पोटात गोळा. परत आल्यावर ६१२ मेल वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी जैसे थे. माणसं चांगली आहेत, पण प्रत्येक गोष्टीला ‘मॅडम, एकदा बघता का?’ साहेब म्हणतात, योगा कर. कंपनीनं ध्यानाचं ॲप दिलंय, ते रोज रात्री नऊला आठवण करतं आणि तेव्हा मी कॉलवर असते. राजीनामा द्यावा का? की मीच कमी पडतेय? तुम्ही ३१ वर्षं कशी काढलीत?

काढली, हे खरं. नीट काढली असं नाही. मधली तीनेक वर्षं अशी गेली की त्या वेळच्या माझ्या ऑपरेटरांपैकी कोणी आज तलावपाळीवर भेटला तर माझी मान आधी खाली जाते. त्याबद्दल पुढे सांगतो.

कमी पडण्याचा विषय आधी संपवू. ज्या बाईनं ३८ माणसं ९ वर्षं टिकवली तिला हा प्रश्न पडूच नये. पण तुमच्या अख्ख्या पत्रात मी एक शब्द शोधत होतो, तो सापडला नाही. रिलीव्हर, म्हणजे पाळी संपल्यावर आपली जागा घेणारा माणूस.

आमच्याकडे पाळी तीनला बदलायची. नियम एकच, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पण त्याची दुसरी बाजू लोक विसरतात. रिलीव्हर आला, लॉगबुकवर त्याची सही पडली की जागा सोडायचीच. कुठला पंप चालू आहे, कुठल्या टाकीची पातळी किती, कुठलं परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) उघडं आहे, काय अर्धवट राहिलंय, हे सगळं लिहून दिलं की प्लँट त्याचा. मागे वळून ‘तो व्हॉल्व्ह जरा बघ हं’ म्हणणाऱ्याला आमचे जुने फोरमन हात धरून गेटपर्यंत नेत. रिलीव्हर आला नाही तर डबल मारावी लागे. डबलमध्ये सोळा तासांनी जीव जात नाही. आपण सुटणार कधी हे माहीत नसतं, त्यानं जातो.

मग मला बढती मिळाली. केबिन मिळाली, एसी मिळाला आणि रिलीव्हर गेला. बढतीच्या पत्रात हे कलम नसतं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगाराला आठवड्याचे ४८ तास आखून दिले, जादा कामाला दुप्पट दर दिला, वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. देखरेख आणि व्यवस्थापन करणाऱ्यांना मात्र तासांच्या तरतुदींतून नियमांनी वगळता येईल, अशी सोयही त्याच कायद्यात होती. म्हणजे माझ्या फिटरला ओव्हरटाइम आणि मला मोबाईल. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० मध्ये ती मिळाली. आपण शनिवारी रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो आणि तो रविवार विनातक्रार परत करतो.

आता ती तीन वर्षं. एका पावसाळ्यात, संध्याकाळी पावणेसातला, आमचा एक जुना ऑपरेटर केबिनच्या दारात उभा राहिला. सातारकडचा माणूस, मोजकं बोलणारा. म्हणाला, “साहेब, बी पंपाच्या सीलमधनं थेंब पडतोय.” मी स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणालो, “थेंबाचं रडगाणं घेऊन माझ्यापर्यंत आलास? बादली लाव.” तो ‘बरं साहेब’ म्हणाला आणि गेला. खरंच बादली लावली होती त्यानं, मी नंतर पाहिली.

एकोणीस दिवसांनी रात्री ते सील फुटलं. कोणाला लागलं नाही, पण प्लँट दोन दिवस बंद. चौकशीसाठी मी लॉगबुक मागे चाळत गेलो. त्या पावणेसातच्या आधी त्याच्या पाळीच्या नोंदी अर्धा-अर्धा पान असायच्या. आवाज बदललाय, तापमान दोन अंश वर आहे, ग्लँड घट्ट केला, असं बारीकसारीक. त्यानंतर प्रत्येक पाळीला फक्त दोन शब्द, ‘सर्व ठीक’. तेच हस्ताक्षर, तीच निळी शाई, एकोणीस दिवस सर्व ठीक. बाकीच्या ऑपरेटरांच्या नोंदीही हळूहळू आखूड झालेल्या.

मला तोवर वाटत होतं, मी फक्त दमलोय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, ती वाचली तेव्हा मी निवृत्त होतो आणि मला ते लॉगबुक आठवलं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, आणि त्याच्या तीन खुणा. एक, शक्ती संपल्यासारखं वाटणं. दोन, कामापासून मन तुटणं, त्याबद्दल कुजकेपणा येणं. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. पहिली खूण आपली आपल्याला कळते. दुसरी हाताखालच्यांना आधी कळते आणि ते सांगत नाहीत, नोंदी आखूड करतात. तेव्हा माझी विनंती, या आठवड्यात शेवटची वाईट बातमी तुमच्याकडे कोणी आणि कधी आणली ते आठवून बघा. तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही.

मुरूडबद्दल. सुट्टीचा तजेला कामावर परतल्यावर फार दिवस टिकत नाही, हे अभ्यासकांनी पुन:पुन्हा मोजलंय. झाबिने झोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंचं बरंचसं काम याच विषयावर आहे. रोजच्या साध्या संध्याकाळी डोकं कामातून सुटतं की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं. म्हणजे आठ दिवसांच्या मुरूडपेक्षा दोनशे संध्याकाळी मोलाच्या. मी ऑफिस सोडण्याआधी दहा मिनिटं एका वहीत माझंच हँडओव्हर लिहू लागलो. काय उघडं राहिलं, कोण बघतंय, उद्या पहिलं काय. शेवटी सही. सही कशाला, असं बायको विचारायची. सहीशिवाय पाळी सुटत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. मग कंपनीची बस, ठाणे स्टेशन, तिथून चालत मासुंदा तलावाला एक फेरी आणि मग घर. पावसातही. एखाद दिवशी मी फेरी चुकवून सरळ आलो की ती दारातच म्हणायची, “आज साहेबांना बरोबर घेऊन आलात वाटतं.”

पण वहीनं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं पंपाचं.

प्लँटमध्ये महत्त्वाच्या जागी पंप जोडीनं बसवतात. एक चालू, एक स्टँडबाय. आमच्याकडे दर सोमवारी चेंजओव्हर, आज ए तर पुढच्या सोमवारी बी. नवा इंजिनिअर आला की हमखास विचारायचा, ए मस्त चालतोय, मग कशाला त्याला हात लावायचा? कारण नुसता उभा असलेला पंप ताजातवाना राहत नाही. त्याच्या सीलचे तोंडावरचे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. आणि ऐकून नवल वाटेल, पण न फिरणाऱ्या बेअरिंगवरही खड्डे पडतात. शेजारच्या चालत्या मशीनची थरथर पायातून येते, तेच तेच गोळे त्याच त्याच जागी घासत राहतात. एक फेरा न फिरता बेअरिंग खलास. आणि हे कळतं कधी, तर ए ट्रिप होतो, म्हणजे अचानक बंद पडतो, आणि आपण घाईघाईनं बीचं बटण दाबतो तेव्हा.

तुमच्याकडे दोन पाळ्या आहेत म्हणजे दोन टीम लीड असणारच. ते ९ वर्षं तुमच्या शेजारी उभे राहून तुमची थरथर खातायत आणि फिरले एकदाही नाहीत. ‘मॅडम, एकदा बघता का’ हा त्यांचा चिकटलेला सील आहे. त्यांना दोष देऊ नका, चेंजओव्हर तुम्ही केला नाहीत.

एक वार ठरवा. मी बुधवार घेतला होता. त्या दिवशी दुपारी तीनपासून दुसऱ्या सकाळपर्यंत निर्णय त्यांचा, सहीही त्यांची. तीनच गोष्टींसाठी फोन करायचा: माणसाच्या जिवाशी आलं तर, कायद्यात अडकणार असेल तर, आणि एका ठरावीक आकड्याच्या वर पैसे जाणार असतील तर. आकडा लिहून द्या, तोंडी नको. पहिल्या बुधवारी माझ्या असिस्टंटचे चार फोन आले. चारही वेळा मी एकच विचारलं, “तुला काय वाटतं?” त्याला जे वाटत होतं ते चारातून तीन वेळा बरोबर होतं. तिसऱ्या बुधवारी त्यानं फोन केला नाही आणि एक बॅच वाया घालवली. सकाळी वर जाऊन ती माझी चूक म्हणून सांगावी लागली. परत येऊन त्याला काही बोललो नाही, याला माझी त्या वर्षीची सगळ्यात मोठी मेहनत लागली. पुढच्या बुधवारीही पाळी त्यालाच दिली. ती काढून घेतली असती तर तो कायमचा ‘सर्व ठीक’वाला झाला असता.

एक सावधगिरी. थकलेला प्रमुख कामं वाटायला बसतो तेव्हा उलटंच करतो. आवडीचं, सोपं म्हणून देऊन टाकतो आणि भीतीचं काम स्वतःकडे ठेवतो. मग दिवसभरात हाताला गोड लागेल असं काही उरत नाही. मी महिन्यातला एक शनिवार फिटरबरोबर पंप उघडायला बसायचो. प्लँटप्रमुखाचं ते काम नव्हे, हे मला लोकांनी सांगितलं. तुमचं तसं काय होतं पहिल्या पाच-सहा वर्षांत? नव्या मुलांना शिकवणं? आकड्यांतली चूक हुडकणं? ते कोणाला दिलंत, बघा आणि थोडं मागून घ्या.

आता राजीनामा. आज नको. दमलेल्या माणसानं परमिटवर सही करू नये, असा आमच्याकडे संकेत होता. तीन महिने चेंजओव्हर चालवा आणि त्यातले दोन आठवडे तास मोजा, रात्रीचे कॉल धरून. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास भरत असतील तर साहेबांसमोर एक आकडा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या पाहणीनुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. ॲपबद्दल आभार माना आणि ड्युटी लिस्ट मागा, रात्री नऊनंतर कोणाचा फोन वाजेल याची, नावानिशी, तुमच्या खालच्यांचीच नव्हे तर वरच्यांचीही. दिली नाही, तर राजीनाम्याचा प्रश्न पुन्हा माझ्याकडे पाठवा, मी वेगळं उत्तर देईन. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकी संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं बर्नआउटची मुळं सहा जागी शोधायला सांगितली आहेत आणि कामाचा बोजा ही त्यातली एकच. कामावर आपली हुकमत, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं या उरलेल्या पाच. बोजा वाटून घेता येतो. अन्याय होत असेल किंवा पटत नाही तेच रोज करावं लागत असेल, तर तिथे बुधवार कामाला येत नाही.

सर, नेरूळमध्ये आमची ४८ घरांची सोसायटी. मी ७ वर्षं सेक्रेटरी. टाकी, गळती, पार्किंग आणि आता पुनर्विकास. रात्री अकराला बेल वाजते. सोडतो म्हटलं की सभेत टाळ्या वाजवून पुन्हा माझंच नाव. वय ६३, उत्साह संपला. काय करू?

टाळ्या वाजवणारे सगळे तुमचे स्टँडबाय आहेत आणि त्यांना तसंच उभं राहायचंय.

समितीची मुदत पाच वर्षांची असते. तुमची दुसरी चालू आहे, म्हणजे एकदा सुटायची संधी तुम्ही स्वतः घालवलीत. (मीही आमच्या सोसायटीत हेच केलंय, म्हणून कळतं.) सभेत तोंडी सोडू नका, तिथे माणूस विरघळतो. समितीला लेखी द्या, तारीख घालून, तीन महिन्यांनंतरची. त्या तीन महिन्यांत एखाद्या पस्तिशीतल्या माणसाला बँकेत, महापालिकेत, लिफ्टवाल्याकडे बरोबर न्या. बेलचा बंदोबस्त आजच करा. वॉचमनकडे एक वही ठेवा. पाणी, लिफ्ट, आग आणि आजारी माणूस सोडून बाकी सगळं वहीत, तुम्ही ती सकाळी दहाला वाचणार. पहिला आठवडा लोक चिडतील. पार्किंगची निम्मी भांडणं रात्रीत विझतात, हे आठवडाभरात कळेल.

पुनर्विकासाची मात्र गंमत नाही. ४८ कुटुंबांच्या छपराचे कागद एकट्या दमलेल्या माणसाच्या कपाटात असणं हा तुमच्यापेक्षा त्यांना मोठा धोका. फायलींचे तीन संच करा, तीन घरांत ठेवा. बिल्डरला एकट्यानं भेटणं आजपासून बंद.

भाऊ, आमच्या यजमानांचा वागळे इस्टेटमध्ये छोटा वर्कशॉप आहे, ११ कामगार. वय ५८. पूर्वी रविवारी स्वतः बाजारातून मासे आणून साफ करायचे, नातवाला उपवनला न्यायचे. आता दोन्ही सोडलं. रात्री तीनला उठून बसतात. चिडत नाहीत, उलट गप्प झालेत. ‘धंदा म्हटला की थकवा आलाच’ म्हणतात. तुमच्या सदरातलं काही वाचून दाखवू का?

वाचून दाखवू नका. आधी डॉक्टर.

वर ऐरोलीच्या बाईंना मी जे सांगितलं ते कामाच्या थकव्याबद्दल. त्यात कामाचं नाव काढलं की माणूस कोमेजतो, पण माशाचा बाजार, नातू, क्रिकेट यात थोडा तरी जीव असतो. ज्याला मासेही नकोत आणि नातूही नको, जो पहाटे तीनला उठतो आणि गप्प होतो, त्याच्या बाबतीत मी पंपाच्या गोष्टी सांगत बसणं हा गुन्हा होईल. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. किंवा साधी शरीराची कुरबुर असेल. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, रक्तदाब हे सगळं एकदा बघून घ्या. ते डॉक्टरकडे जायला तयार नसतील तर ‘माझा बीपी दाखवायचाय, सोबत चला’ म्हणा, या वयाचे पुरुष असेच नेता येतात, मलाही असंच नेलं होतं. मन मोकळं करायला सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं. तिथे आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो. ‘माझ्याशिवाय बरं होईल सगळ्यांचं’ असं काही त्यांच्या तोंडून निघालं, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी न्या आणि तोवर एकटं सोडू नका.

वर्कशॉपचं म्हणाल तर अकरा जणांत एखादा जुना मिस्त्री असेलच. त्याला घरी चहाला बोलवा आणि विचारा, ‘साहेबांना हल्ली तुम्ही काय काय सांगत नाही?’ तुम्हाला बरंच कळेल. कदाचित कोणाचे पैसे अडकलेत, कोणाची ऑर्डर गेली. पंधरा दिवस त्यानं कुलूप उघडावं आणि लावावं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

एक लिहायचं राहिलंय तुमच्याकडून. ते रात्री घोरतात का आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? झोपेतला श्वास अडकत असेल तर माणूस आठ तास झोपूनही दमलेला उठतो आणि ते वेगळ्या डॉक्टरांचं काम आहे. दोन रात्री लक्ष ठेवा, डॉक्टरांना सांगा आणि मलाही कळवा.